प्लेअरवर ‘ब्लूटूथ’ लिहिलंय, तरी इअरबड्स का जोडत नाहीत?

सुरत-धुळे महामार्गावर नवापूर सोडलं की विसरवाडी लागतं, आणि पुढे धुळ्याच्या दिशेने कोंडाईबारी घाट. या पट्ट्यात गाणी ऐकायची तर नेटच्या भरवशावर राहून चालत नाही, घाटात रेंज कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळे मेमरी कार्डात टिमली, अहिराणी आणि जुनी हिंदी गाणी भरून घ्यायची आणि छोट्या प्लेअरवर किंवा कीपॅड फोनवर ऐकायची, ही पद्धत अजून टिकून आहे. रिचार्ज लागत नाही, बॅटरी पुरते आणि मोबाईल घरच्यांना कामाला मोकळा राहतो.

अडचण सुरू होते ती वायरलेस इअरबड्स घेतल्यावर. मोबाईलला ते पटकन जोडले जातात. मग वाटतं, प्लेअरच्या खोक्यावरही ब्लूटूथची खूण आहे, तिथेही चालतील. दोन्ही चालू केले, शेजारी ठेवले, दहा मिनिटं वाट पाहिली, तरी काही होत नाही. मग दुकानदाराशी वाद. तो इअरबड्स स्वतःच्या मोबाईलला लावून दाखवतो आणि म्हणतो, ‘माल ठीक आहे.’ गंमत म्हणजे त्याचं बरोबर असतं, आणि तुमचंही.

देणारा कोण, घेणारा कोण?

ब्लूटूथवरून गाणं ऐकायचं तर एक यंत्र आवाज पाठवणारं लागतं आणि दुसरं तो घेणारं. हे काम ज्या नियमांनी चालतं त्याला ‘एटूडीपी’ म्हणतात, आणि त्यात या दोन भूमिका वेगवेगळ्या आहेत. मोबाईल पाठवतो. इअरबड्स घेतात. ब्लूटूथ स्पीकरही घेतो.

आता स्वस्तातले बरेचसे प्लेअर बघा. त्यांना स्वतःचा स्पीकर असतो, मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्हची जागा असते, एफएम असतं आणि वर ब्लूटूथ. हे ब्लूटूथ कशासाठी? तर मोबाईलमधलं गाणं त्या डब्यावर मोठ्याने वाजावं यासाठी. म्हणजे हा प्लेअर घेणारा आहे. इअरबड्सही घेणारेच. दोन्हीकडे बादल्या आहेत आणि नळ कुठेच नाही, मग पाणी येणार कुठून? यात बिघाड कशातच नाही. म्हणूनच रिसेट करून, चार्ज करून, इअरबड्स बदलून आणूनही काही फरक पडत नाही.

याचं घरोघरी दिसणारं उदाहरण म्हणजे सारेगामाचा ‘कारवाँ’. २०१७ मध्ये ५,००० हिंदी गाणी आधीच भरलेला हा रेडिओसारखा प्लेअर आला, पुढे मराठी गाण्यांचा कारवाँही आला. त्यात ब्लूटूथ आहे, पण ते मोबाईलवरची गाणी कारवाँच्या स्पीकरवर वाजवण्यासाठी. आजोबांची गाणी रात्री इतरांची झोप न मोडता इअरबड्सवर ऐकू यावीत म्हणून कुणी जोडायला गेलं, तर निराशाच पदरी येते.

आणि हा प्रश्न फक्त स्वस्त मालाचा नाही. अ‍ॅपलचा आयपॉड २००१ मध्ये आला, पण आयपॉड क्लासिक आणि शफल यांना शेवटपर्यंत ब्लूटूथ मिळालंच नाही. नॅनोला ते मिळालं २०१२ च्या मॉडेलमध्ये. त्यामुळे २०१६ मध्ये अ‍ॅपलने एअरपॉड्स आणले, तेव्हा ते अ‍ॅपलच्याच अनेक आयपॉडना थेट जोडता येत नव्हते. ज्यांनी कपाटातला जुना क्लासिक हौसेने बाहेर काढला, त्यांचंही इथेच अडतं.

घेण्याआधी कसं ओळखायचं?

खोक्यावरची खूण दोन्ही प्रकारांत सारखीच असते, त्यामुळे तिच्यावर जाऊ नका. प्लेअर चालू करून ब्लूटूथमध्ये जा. ‘डिव्हाइस शोधा’ असा पर्याय असेल आणि आजूबाजूच्या उपकरणांची यादी येत असेल, तर तो पाठवू शकतो. याउलट प्लेअर ब्लूटूथवर टाकला की नुसता टुंग असा आवाज करून थांबत असेल आणि त्याचं नाव तुमच्या मोबाईलच्या यादीत दिसत असेल, तर तो घेणारा. पडदाच नसलेले प्लेअर बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडतात. यादी येण्यासाठी ती दिसायला जागा हवी ना!

सगळ्यात पक्की परीक्षा म्हणजे स्वतःचे इअरबड्स दुकानात घेऊन जा आणि पैसे देण्याआधी जोडून गाणं ऐका. ‘घरी जाऊन लावा, लागतील’ यावर विश्वास ठेवू नका. दोन-अडीचशे रुपयांची वस्तू परत करायला तालुक्याला पुन्हा खेप घालणं कुणालाच परवडत नाही.

कीपॅड फोनचं थोडं वेगळं आहे. जुन्या काही फोनमध्ये ब्लूटूथ होतं ते फोटो-गाणी एकमेकांना पाठवण्यापुरतं, फार तर कॉलच्या हेडसेटपुरतं. फाइल पाठवणं, कॉलचा आवाज आणि गाण्याचा आवाज हे तीन वेगळे नियम आहेत. एक चालतो म्हणून दुसरा चालेल असं नाही. एफएमचंही तसंच. अनेक फोनमध्ये इअरफोनची वायरच एफएमचा अँटेना असते. वायर काढली की स्टेशन गेलं, इअरबड्स कितीही महाग असू देत.

प्लेअर पाठवणारा असूनही जोडत नसेल तर

पहिला संशय मोबाईलवर घ्या. इअरबड्स डबीतून काढले की ते आधी ओळखीच्या यंत्राकडे धावतात. खिशातल्या मोबाईलने त्यांना पकडलं की ते प्लेअरच्या यादीत दिसतच नाहीत. मोबाईलचं ब्लूटूथ बंद करा, मग इअरबड्स पेअरिंगवर टाका. त्यासाठी बहुधा डबीवरचं बटण किंवा इअरबड्स काही सेकंद दाबून धरावे लागतात, दिवा लुकलुकायला लागतो. मग प्लेअरवरून शोधा. पिन मागितला तर ०००० टाकून बघा.

‘माझ्या इअरबड्सचं ब्लूटूथ ५.३ आहे आणि प्लेअरचं ४.२, म्हणून जोडत नाही’ असं बरेचदा सांगितलं जातं. हे कारण सहसा खरं नसतं. नेहमीच्या इअरबड्समध्ये नवी आवृत्ती जुनीशी बोलू शकते. एएसी, एलडॅक वगैरे कोडेकचंही तेच. एटूडीपी पाळणाऱ्या प्रत्येक यंत्राला एसबीसी हा कोडेक यावाच लागतो, त्यामुळे दुसरं काही जुळलं नाही तर गाणं त्यावर वाजतं. दर्जा थोडा कमी होईल, पण आवाज येईल. आवृत्तीच्या नावाखाली महागडा जोड गळ्यात मारला जात असेल तर सावध राहा.

एकाच कानात आवाज येत असेल तर दोष बहुधा प्लेअरचा नसून दोन इअरबड्समधला ताळमेळ सुटलेला असतो. दोन्ही डबीत ठेवून रिसेट करा आणि नव्याने जोडा.

जुन्या प्लेअरसाठी जुगाड

प्लेअरला हेडफोनच्या पिनची जागा असेल तर तिथे लावायचा छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो. तो प्लेअरचा आवाज घेऊन इअरबड्सकडे पाठवतो. इथेच पुन्हा तीच फसगत होते. बाजारात सहज मिळतो तो गाडीच्या टेपला लावायचा रिसीव्हर. दिसायला अगदी तसाच, पण काम उलटं. मागताना ‘ब्लूटूथ पिन द्या’ असं म्हणू नका, ‘ट्रान्समीटर’ म्हणा. काहींवर टीएक्स आणि आरएक्स असं बटण असतं, ते दोन्ही कामं करतात. आपल्याला टीएक्स हवं.

ट्रान्समीटरला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे चार्ज करायची आणखी एक वस्तू वाढली. प्लेअरचा आवाज मध्यम ठेवा, पूर्ण केला तर कानात फाटतो. आणि इअरबड्सवर टिचकी मारून गाणं बदलणार नाही, कारण पिनमधून फक्त आवाज बाहेर येतो, इअरबड्सचा हुकूम परत आत जात नाही. गाणं बदलायला हात प्लेअरकडेच न्यावा लागतो. एवढा खटाटोप नको असेल, तर साध्या वायरचा इअरफोन अजूनही शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. त्याला पेअरिंग लागत नाही आणि एफएमही चालतं.