लीलावतींतील चितिव्यवहार आणि गोल खांबांचें मापन

लीलावतीचें नांव काढलें कीं आपल्याकडे भ्रमरांचीं आणि हंसांचीं उदाहरणें आठवतात. खातव्यवहार व चितिव्यवहार हीं प्रकरणें मात्र पोथी उघडणारे बहुधा न वाचतांच उलटतात. बांधकामाचे जुने हिशेब तपासणाऱ्यांस हींच प्रकरणें अधिक उपयोगी आहेत, असें माझें मत आहे.

शके १०७२ मधील या ग्रंथांत भास्कराचार्यांनीं विटेचें माप लांबी १८, रुंदी १२ व उंची ३ अंगुलें असें दिलें आहे. चिति ८ हात लांब, ५ हात रुंद व ३ हात उंच. २४ अंगुलांचा हात धरतां विटेचें घनफळ ३/६४ घनहस्त येतें, चितीचें १२०. भागाकारानें विटा २५६० आणि थर २४. एखाद्या पोथींत २६५० आढळल्यास तो पाठभेद नव्हे, लेखकप्रमाद होय. गणितच तेथें साक्ष देतें.

आतां हेंच उत्तर गवंड्याच्या दृष्टीनें पाहूं. २५६० ला २४ नीं भागिलें तर एका थरांत १०६ पूर्णांक २/३ विटा येतात. म्हणजे अखंड विटांचा थर बसतच नाहीं. शिवाय ३ अंगुलांचे २४ थर मिळून बरोबर ३ हात होतात, तेव्हां सांध्यांतील चुन्यास तिळभरहि जागा उरत नाहीं. आचार्यांनीं घनफळाचें गणित सांगितलें आहे, रचनेचें नव्हे.

गोल कामासाठीं खातव्यवहारांतील नियम घ्यावा. मुखाचें क्षेत्रफळ, तळाचें क्षेत्रफळ आणि मुख व तळ यांच्या मापांच्या बेरजेवरून येणारें क्षेत्रफळ, या तिहींच्या बेरजेस ६ नीं भागून खोलीनें गुणावें. आचार्यांचें उदाहरण आयताकार खड्ड्याचें आहे: मुख १२ व १०, तळ ६ व ५, खोली ७, फळ ४९०. तोच नियम वर निमुळत्या होत गेलेल्या वर्तुळाकार पायास लावतां येतो. तळाचा व्यास ४ हात, माथ्याचा २ व उंची ६ घेऊं. व्यासांचे वर्ग १६, ४ आणि बेरजेचा ३६, मिळून ५६. त्यास ६ नीं भागून उंचीनें गुणिलें कीं पुनः ५६ च. ब्रह्मगुप्तानें शके ५५० मध्यें दिलेल्या निराळ्या रीतीनेंहि हाच अंक येतो. ५६ ला ११/१४ नें गुणिलें कीं ४४ घनहस्त.

येथें ११/१४ हें २२/७ चा चतुर्थांश होय. ही स्थूल रीति. ३९२७/१२५० ही सूक्ष्म रीति घेतल्यास ४३.९८२४ येतात. अंतर अर्ध्या विटेहूनहि कमी! स्थूल मानास आचार्य व्यवहारयोग्य म्हणतात तें यथार्थ आहे. उलट, सरासरी व्यास ३ धरून गुणाकार करणाऱ्यास ४२ पूर्णांक ३/७ च मिळतात, आणि सुमारें ३३ विटा कमी पडतात. सूक्ष्म परिधीसाठीं झटणाऱ्या आमच्या पंडितांनीं हें ध्यानांत घ्यावें.

हा विषय केवळ पाठशाळेचा नाहीं. आज उभा असलेला बुरूज वा खांब मोजून, घनफळास विटेच्या घनफळानें भागून, दप्तरांतील संख्येशीं ती जुळत नाहीं म्हणून कारकुनानें पैसा खाल्ला असें लिहिण्याचा मोह होतो. परंतु सांध्यांच्या चुन्यामुळें प्रत्यक्ष विटा कमी लागतात, आणि वर्तुळाच्या कडेस विटा तासाव्या लागल्यामुळें तुकडे वायां जाऊन संख्या वाढते. या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत. कोणती किती, हें विटेच्या व सांध्याच्या मापावर अवलंबून. जमिनींतील पाया तर दिसतहि नाहीं. म्हणून आरोपापूर्वीं त्याच वास्तूची एक अखंड वीट मोजावी, सांध्याची जाडी पाहावी, आणि कागदांतील गज किती तसूंचा व तसू किती लांबीचा हें ठरवावें. कारण गजाचें मान सर्वत्र एक नव्हतें.

चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखांत भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. त्या परिसरांतून लीलावतीची सटीक पोथी कोणास लाभल्यास चितिव्यवहारावरील टीका प्रथम पाहावी. टीकाकारानें सांध्यांचा विचार केला आहे कीं नाहीं, हें तेथें कळेल.