छत्रीकडून पंखाकडे

स्कायडायव्हिंग आणि हँग ग्लायडिंग हे दोन्ही खेळ कापड, दोऱ्या आणि वारा यांच्या भरवशावर चालतात; पण दोन्हींची मूळ गरज वेगळी होती. पॅराशूट तयार झाले ते उंचावरून पडणाऱ्या माणसाचा जीव वाचावा म्हणून. ग्लायडर तयार झाला तो माणसाला पक्ष्यासारखे हवेत राहता यावे म्हणून. या दोन वाटा दीर्घकाळ वेगळ्या राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकमेकींना मिळाल्या. त्यांची गाठ घालून देण्यात विमानातून उड्या मारणाऱ्या आणि मग डोंगराच्या उताराकडे वळलेल्या माणसांचा मोठा वाटा आहे.

पॅराशूटचा इतिहास आधी सुरू होतो. 22 ऑक्टोबर 1797 रोजी आंद्रे-जाक गार्नेराँ या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये बलूनमधून सुमारे 1000 मीटर उंचीवर जाऊन दोर कापला आणि कापडी छत्रीखाली टांगलेल्या टोपलीतून तो जमिनीवर उतरला. छत्रीच्या माथ्यावर हवा बाहेर जायला भोक नव्हते. कोंडलेली हवा एकदा या कडेने, एकदा त्या कडेने निसटत होती आणि टोपली जोरजोरात झोके घेत होती. पुढच्या काळात छत्रीला माथ्यावर भोक ठेवले जाऊ लागले आणि हे झोके आवाक्यात आले. तरीही शतकभर पॅराशूट हा जत्रेतला थरार राहिला. त्याला आजचे रूप आले ते पहिल्या महायुद्धानंतर. 28 एप्रिल 1919 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात लेस्ली अर्विन यांनी विमानातून उडी घेतली, काही क्षण स्वतःला मोकळे पडू दिले आणि मग स्वतःच्या हाताने दोरी ओढून पॅराशूट उघडले. मोकळे पडताना माणूस शुद्ध हरपतो, हा तेव्हाचा समज त्या उडीने खोटा ठरवला. स्कायडायव्हिंगचा पाया तिथे घातला गेला. 1951 साली युगोस्लाव्हियातील ब्लेड येथे पहिली जागतिक पॅराशूट स्पर्धा झाली आणि 1959 साली मॅसॅच्युसेट्समधील ऑरेंज या गावी हौशी लोकांसाठी व्यावसायिक उडी केंद्र सुरू झाले.

पंखाची परंपरा जर्मनीतून आली. ओटो लिलिएंथाल या अभियंत्याने करकोच्यांच्या उडण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, 1889 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि 1891 पासून स्वतः उडायला सुरुवात केली. लाकडी काड्यांवर कापड ताणलेले पंख खांद्याशी धरून तो टेकडीवरून धावत सुटे. हवेत आल्यावर त्याचे धड पंखाच्या चौकटीत हातांवर तोललेले असे आणि पाय खाली लोंबकळत. पाय डावी-उजवीकडे, पुढे-मागे झुलवून तो तोल सांभाळत असे. सुमारे 2000 उड्डाणे त्याने केली. त्यांतली सर्वांत लांब उड्डाणे 250 मीटरच्या आसपास होती. 9 ऑगस्ट 1896 रोजी वाऱ्याच्या झोताने ग्लायडरचे नाक वर उचलले गेले, पंखाचा आधार सुटला आणि तो सुमारे 15 मीटरवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. शरीराचे वजन सरकवून पंख वळवायचा, ही त्याची पद्धत हँग ग्लायडिंगचा आजही कणा आहे. मात्र त्याच्या रचनेत माणसाला वजन फार थोडे सरकवता येई, आणि तीच उणीव जीवघेणी ठरली. पुढे राइट बंधूंचे इंजिनाचे विमान आले आणि धावत जाऊन उडण्याची ही कला साठेक वर्षे जवळजवळ विस्मरणात गेली.

तिला पुन्हा जीव आला तो पॅराशूटला अधिक उपयोगी बनवण्याच्या खटपटीतून. फ्रान्सिस रोगालो हे अमेरिकेच्या लँगली संशोधन केंद्रात वैमानिकी अभियंता होते. 1948 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी घरातच पंख्यावर चालणारा छोटा वातबोगदा उभारला आणि स्वयंपाकघराच्या पडद्याचे कापड कापून सांगाडा नसलेला लवचीक पंख तयार केला. हवेच्या दाबानेच फुगून आकार धरणारा, घडी घालता येणारा असा तो पंख होता. अंतराळयुग सुरू झाल्यावर नासाला त्यात रस निर्माण झाला. जेमिनी यान समुद्रात न पाडता या पंखाखाली जमिनीवर उतरवावे, अशी योजना होती. 1962 पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पॅरेसेव्ह नावाच्या चाचणी ग्लायडरवर प्रयोग झाले. नील आर्मस्ट्राँग यांनीही तो उडवला. अखेर जेमिनीसाठी नेहमीचे गोल पॅराशूटच ठरले, पण रोगालो पंखाची छायाचित्रे मासिकांतून जगभर पोहोचली होती.

असेच एक छायाचित्र ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सन यांच्या हाती पडले. न्यू साउथ वेल्समधील ग्राफ्टन गावात वॉटर स्कीइंगच्या खेळासाठी बोटीमागे ओढायचा पतंग त्यांना बनवायचा होता. तोपर्यंतचे सपाट पतंग हवेत मनमानी करत. डिकन्सन यांनी रोगालो पंखाला केळीचे घड झाकण्याचे प्लॅस्टिक लावले, उडणाऱ्याला पंखाखाली झोपाळ्यासारखे टांगले आणि त्याच्यासमोर त्रिकोणी चौकट बसवली. सप्टेंबर 1963 मध्ये क्लॅरेन्स नदीवर या पंखाच्या चाचण्या झाल्या. त्रिकोणाची खालची दांडी हाच आजचा कंट्रोल बार. माणूस मोकळा लोंबकळत असल्यामुळे दांडीवर हलकेच जोर लावून त्याला आपले सगळे वजन हवे तिकडे नेता येते. लिलिएंथालला जे पायांनी जेमतेम साधत होते, ते आता पूर्ण देहाने साधू लागले. बिल मोयस आणि बिल बेनेट या ऑस्ट्रेलियन उडणाऱ्यांनी हा पंख अमेरिका आणि युरोपात नेला. 23 मे 1971 रोजी, लिलिएंथालच्या जन्मदिवशी, कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीचजवळच्या टेकडीवर हौशी मंडळी घरी बनवलेले पंख घेऊन जमली. बांबू, चिकटपट्टी आणि प्लॅस्टिक यांचे हे ग्लायडर काही सेकंदच हवेत राहत. पण त्या मेळाव्याची बातमी नॅशनल जिओग्राफिक मासिकात आली आणि दोन-तीन वर्षांत हा खेळ देशभर पसरला.

याच टप्प्यावर स्कायडायव्हर मोठ्या संख्येने टेकडीवर आले. त्यांना उंचीची भीती नव्हती, हार्नेसची सवय होती, वारा कुठून किती येतो हे ते डोळ्यांनी आणि त्वचेने ओळखत. डॅन पॉइंटर हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. पॅराशूटची रचना आणि दुरुस्ती हा त्यांचा पेशा होता आणि पॅराशूटवरचा त्यांचा जाडजूड संदर्भग्रंथ 1972 मध्ये निघाला होता. पुढच्याच वर्षी त्यांना हँग ग्लायडिंग शिकावेसे वाटले आणि त्यावर एकही पुस्तक सापडेना. तेव्हा त्यांनी ते स्वतःच लिहिले. त्या पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि एक पिढी त्यावर शिकली. 1975 मध्ये आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघाने मुक्त उड्डाणासाठी स्वतंत्र आयोग नेमला. पुढे पॉइंटर त्याचे अध्यक्षही झाले. 1976 मध्ये ऑस्ट्रियातील क्योसेन येथे हँग ग्लायडिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली.

स्कायडायव्हरची शिदोरी मात्र दुधारी होती. चौकोनी पॅराशूटखाली दोन्ही हातांत टॉगल असतात. ते खाली ओढले की वेग कमी होतो. जमिनीजवळ आल्यावर दोन्ही एकदम ओढून पॅराशूट हवेत थबकवायचे आणि पाय टेकवायचे. हँग ग्लायडरवर हातांचे काम नेमके उलटे असते. दांडी अंगाकडे ओढली की वजन पुढे जाते, नाक खाली जाते आणि वेग वाढतो. दांडी दूर ढकलली की वेग घटतो. उतरताना हात त्रिकोणी चौकटीच्या उभ्या नळ्यांवर नेऊन शेवटच्या क्षणी त्या जोराने वर आणि पुढे ढकलायच्या असतात. शेकडो उड्यांत मुरलेले हात दडपणाखाली जुनेच काम करतात, आणि जमिनीपासून पाच-सात मीटरवर झालेली ही गफलत सावरायला उंची उरत नाही.

सुरुवातीचे क्षणही वेगळे असतात. स्कायडायव्हर साधारण 4000 मीटरवर विमानाचे दार सोडतो, ताशी सुमारे 200 किलोमीटरच्या वेगाने मिनिटभर पडतो आणि मग पॅराशूटखाली पाच-सहा मिनिटांत उतरतो. बहुतेक धोका खालच्या टप्प्यात एकवटलेला असतो. हँग ग्लायडर उडवणाऱ्याला मात्र जमिनीपासूनच सुरुवात करायची असते. पंचवीस ते पस्तीस किलोचा पंख खांद्यावर पेलून, नाक वाऱ्याला नेमक्या कोनात धरून, उतारावर न थबकता धावायचे असते. त्याआधी सोबती पंख धरून ठेवतो आणि उडणारा हार्नेसमध्ये आडवा लोंबकळून पाहतो. आपण पंखाला खरोखर अडकवलेले आहोत ना, याची ती खात्री. हार्नेस न अडकवता धावत सुटल्याने या खेळात जीव गेले आहेत, म्हणून ही तपासणी कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, टाळू नये.

आणीबाणीची पद्धतही बदलते. स्कायडायव्हरचे मुख्य पॅराशूट बिघडले तर तो ते सोडून देतो आणि राखीव पॅराशूट उघडतो. हँग ग्लायडर उडवणाऱ्याला पंख सोडून देता येत नाही. तो राखीव पॅराशूटची पिशवी हाताने ओढून मोकळ्या हवेत जोराने फेकतो आणि मोडक्या पंखासकट खाली येतो. 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात हे साधनही नव्हते. त्या काळच्या साध्या रोगालो पंखाचे नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की कापड फडफडू लागे, त्यातली हवा निघून जाई आणि पंख सरळ जमिनीकडे सूर मारत असे. अपघात वाढले, तसे निर्मात्यांनी कापड आवरणाऱ्या दोऱ्या बसवल्या, पंखांची ठेवण बदलली आणि प्रत्येक नमुन्याची चाचणी घेण्याची पद्धत रुळली. राखीव पॅराशूट त्याच दशकात हार्नेसवर आले. पॅराशूटवाल्यांचे ज्ञान पंखवाल्यांच्या सर्वाधिक कामी आले ते इथे.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. फ्लोरिडातील पतंगकार डोमिना जालबर्ट यांनी 1964 च्या सुमारास पुढच्या कडेने हवा आत घेणाऱ्या कप्प्यांचा कापडी पंख बनवला. त्यावरून स्कायडायव्हरांचे चौकोनी पॅराशूट आले. ते एक मीटर खाली येताना तीनेक मीटर पुढे जाई. त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड बॅरिश यांनी स्वतःचा कापडी पंख घेऊन स्कीच्या उतारावरून उडून दाखवले, पण त्याची दखल फारशी घेतली गेली नाही. 1978 च्या जूनमध्ये फ्रेंच आल्प्समधील मियुसी गावी ज्याँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसों या तीन पॅराशूटपटूंनी तोच प्रयोग केला. नेमक्या जागी उतरण्याचा सराव करायला दर वेळी विमानाचा खर्च परवडत नव्हता, आणि उतारावरून उडण्याविषयी त्यांनी पॉइंटर यांच्या लिखाणात वाचले होते. पॅराशूट उतारावर पसरून ते धावले आणि उडाले. बोन तर थेट खोऱ्यातल्या फुटबॉलच्या मैदानावर उतरले. पुढच्याच वर्षी मियुसीत शाळा निघाली आणि पॅराग्लायडिंग हा नवा खेळ उभा राहिला. हँग ग्लायडिंगकडे वळलेल्या एका पॅराशूटपटूचे लेखन वाचून इतर पॅराशूटपटूंनी तिसराच खेळ घडवला, असा हा क्रम आहे.

हँग ग्लायडर तोवर बराच पुढे गेला होता. सुरुवातीचा रोगालो पंख एक मीटर उतरताना चारेक मीटर पुढे जाई. 1980 मध्ये आलेल्या कॉमेट या ग्लायडरने वर-खाली दुहेरी कापड आणि कापडात लपलेली आडवी नळी ही रचना रूढ केली. आजचे स्पर्धेचे पंख एक मीटर उतरताना पंधरा मीटरपर्यंत पुढे जातात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, म्हणजे थर्मलमध्ये, घिरट्या घालत उंची मिळवायची आणि पुढच्या थर्मलकडे निघायचे, हे तंत्र विकसित झाले. स्कायडायव्हर ज्या खळबळत्या हवेपासून पॅराशूट दूर ठेवतो, तीच हवा इथे इंधन ठरते. 3 जुलै 2012 रोजी टेक्सासमधील झापाटा येथून उडालेल्या डस्टिन मार्टिन यांनी इंजिनाशिवाय 764 किलोमीटर अंतर कापले.

भारतात हिमाचलमधील बिलिंगच्या उतारावर 1980 च्या दशकात हँग ग्लायडिंगचे मेळावे झाले. 2015 मध्ये तिथेच पॅराग्लायडिंगची जागतिक चषक स्पर्धा भरली. महाराष्ट्रात कामशेतच्या टेकड्यांवर पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत पॅराग्लायडिंगचे शिक्षण चालते. स्कायडायव्हिंगमध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या साऱ्या इतिहासाचा स्कायडायव्हरसाठीचा निष्कर्ष स्पष्ट आहे. वाऱ्याची जाण, साधने तपासण्याची शिस्त आणि उंचीवर डोके शांत ठेवण्याची सवय त्याच्याजवळ आधीच असते आणि ती फार मोलाची आहे. हातांची सवय मात्र त्याला मुळापासून बदलावी लागते. म्हणून शेकडो उड्या नावावर असल्या तरी त्याने लहान टेकडीवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, अगदी नवख्यासारखे धावण्यापासूनच शिकायला सुरुवात करावी.