नागपूरचे पाऊसपाणी

नागपूरच्या जुन्या पाण्याचा इतिहास हा साठवलेल्या पावसाचा इतिहास आहे. गोंड राजा चांद सुलतानाने पाणी अडवून जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर. भोसल्यांच्या काळात तेलंगखेडी, सक्करदरा अशी तळी वाढली. पण उघड्या तळ्यात वस्तीची घाण उतरे, आणि पटकीसारखे रोग पाण्यातूनच पसरत. 1870च्या सुमारास अंबाझरीचा बांध उंचावून पाणी नळाने शहरात आणले गेले. हे काम करणारा इंजिनिअर अलेक्झांडर बिनी याने इथल्या पावसाचा बारकाईने अभ्यास केला होता. पुढे गोरेवाडा तलाव, कन्हान आणि पेंच नद्यांचे पाणी आले आणि शहरातच पाऊसपाणी साठवणे मागे पडले. हे नुकसानच झाले.

नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसात शंभर चौरस मीटर छतावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. ते घरीच टाकीत साठवता येते. मात्र पहिल्या सरींत धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा उतरते, म्हणून ते पाणी सोडून द्यावे. टाकी झाकलेली आणि जाळी लावलेली हवी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. धुण्याभांड्यांना हे पाणी चालते. प्यायचे असेल तर गाळून, उकळूनच घ्यावे.