समुद्रांतले रुपये आणि गळ्यांतले रुपये

मुंबईंत भोईवाडे दोन. एक परळचा, दुसरा भुलेश्वराजवळचा. पालखीच्या भोयांवरून नांव पडलेल्या या दुसऱ्या वस्तींत आज नकली दागिन्यांचा व्यापार चालतो, आणि झवेरी बाजार तेथून चार पावलांवर आहे. अशा बाजारांत मोडीस आलेल्या चांदींत एखादे वेळीं चवल्यापावल्यांची माळ किंवा कडी झाळलेला राणीछाप रुपया दृष्टीस पडतो. मुंबईहून निघालेले असेच रुपये सुमारें सत्तर वर्षें अटलांटिक महासागराच्या तळाशीं पडून होते.

१८३५ च्या कायद्यानें रुपया १८० ग्रेन वजनाचा आणि बारांत अकरा भाग चांदीचा ठरला. तोळ्याचें वजनहि तेंच. त्यामुळें सोनाराच्या तागडींत रुपया हा मालहि असे व मापहि असे. ज्या घरांत पेढीवर ठेव ठेवण्याची ऐपत नव्हती, त्या घरची बाई शिल्लक पडलेल्या नाण्याला कडी लावून घेई आणि पटवेकऱ्याकडून तें रेशमाच्या गोफांत ओवून घेई. घडणावळ नांवाला, मोडतांना तूट नाहीं, आणि स्त्रीधन सदा दृष्टीसमोर! श्रीमंतांच्या घरीं हीच हौस सोन्यांत पुरविली जाई. व्हेनिसच्या मोहरांवर मनुष्याकृति असत, म्हणून त्यांच्या हारास पुतळ्यांची माळ म्हणत.

दुसऱ्या महायुद्धांत चांदीला टंचाई आली. १९४० सालीं रुपयांतली चांदी निम्म्यावर आणली गेली व एक रुपयाची नोट निघाली. ३१ मार्च १९४१ नंतर राणीछाप रुपया चलनांतून बाद झाला. पुढें १ ऑक्टोबर १९४२ रोजीं ‘सिटी ऑफ कैरो’ हें जहाज मुंबईहून निघालें. त्यावर उतारू तर होतेच, शिवाय इंग्लंडच्या तिजोरीसाठीं रुपयांच्या सुमारें दोन हजार पेट्या, म्हणजे जवळजवळ शंभर टन चांदी होती. ६ नोव्हेंबरच्या रात्रीं, नेपोलियनच्या बंदिवासाचें जें सेंट हेलिना बेट त्याच्या दक्षिणेस सुमारें ५०० मैलांवर, जर्मन पाणबुडीनें त्यावर पाणतीर सोडले. पाणबुडीच्या कप्तानानें होड्यांतील लोकांची क्षमा मागितली आणि तो निघून गेला. जहाज बुडतांना थोडे मेले. तहान, ऊन आणि जखमा यांनीं होड्यांत पुष्कळ मेले. मृतांची संख्या शंभरावर गेली. जहाजावरील खलाशांत हिंदी लोक पुष्कळ होते. खजिन्याची गोष्ट सांगतांना या माणसांचा विसर पडतो, तो पडूं नये.

२०११ सालीं तें जहाज ५,१५० मीटर खोलीवर सांपडलें. २०१३ पर्यंत पुष्कळ टन नाणीं वर काढण्यांत आलीं, आणि ही वार्ता २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. तीं नाणीं इंग्रज तिजोरीच्या मालकीचीं ठरलीं व वितळवून विकण्यांत आलीं. १६२२ सालीं फ्लॉरिडाजवळ बुडालेल्या ‘आतोचा’ या स्पॅनिश जहाजाच्या चांदीचें दैव निराळें. तिचा मोठा सांठा १९८५ सालीं हातीं लागला आणि त्यांतील रियालांना सोन्याचीं कोंदणें बसवून पदकें करण्यांत आलीं. (अशाच रियालांना पूर्वीं सुरतेच्या टांकसाळींत वितळवून रुपये पाडीत!) तिकडे रियालाचा दागिना झाला, इकडे रुपयाची लगड झाली. व्यवहार म्हणून हें समजण्यासारखें आहे. इतिहास म्हणून तें नुकसानच होय.

सरकारनें रुपये परत मागविले, तेव्हां तिजोरींतले गेले, पेढ्यांवरचे गेले. परंतु गळ्यांतले सगळेच गेले नाहींत. नातीच्या लग्नांत आजीच्या माळेंतला एक रुपया सुटा करून द्यावा, असेंहि घडे. वापरानें राणीचा चेहरा गुळगुळीत होतो, मुकुट पुसट होतो. पण मागची बाजू उजेडांत तिरपी धरली, तर पुष्कळदां सन अजून वाचतां येतो.