पंधरा हजार फुटांवरची रुग्णनोंद

१९१३ साली ‘जर्नल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीन’ या इंग्रजी नियतकालिकात आठ पानांचा एक निबंध छापून आला. लेखक डॉ. टॉमस होम्स रेव्हनहिल, विषय अँडीज पर्वतातला उंचीचा आजार. हिवताप, काळा आजार, आमांश अशा उष्ण प्रदेशातल्या रोगांची चर्चा जिथे चालायची, तिथे तो छापला गेला. गिर्यारोहक किंवा शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक ते नियतकालिक उघडून पाहतील, असे वाटण्याचे काही कारण नव्हते. झालेही तसेच. पुढची जवळपास पन्नास वर्षे हा निबंध फारसा कोणाच्या वाचनात आला नाही.

मला या आठ पानांचे मोल फार वाटते. उंचीवर माणसाला नेमके काय होते याची इतकी नेटकी नोंद त्याआधी कोणी केलेली दिसत नाही.

रेव्हनहिल उत्तर चिलीतल्या कोयावासी भागातल्या खाणींवर डॉक्टर होते. १९०९ च्या सुमारास ते तिथे गेले. या खाणी १५,४०० ते १६,२०० फुटांवर होत्या. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के उरतो, आणि त्याच प्रमाणात छातीत जाणारा प्राणवायू कमी होतो. मात्र या खाणींचे वेगळेपण त्यांच्या उंचीत नव्हते, ते तिथे पोहोचण्याच्या सोयीत होते. पॅसिफिकच्या काठावरच्या आंतोफागास्ता बंदरातून निघालेली आगगाडी थेट खाणीपर्यंत जायची. समुद्राकाठी गाडीत बसलेला माणूस दोन दिवसांच्या आत पंधरा हजार फुटांवर उतरायचा.

आल्प्समध्ये हा आजार अभ्यासणाऱ्या डॉक्टरांपुढची मोठी अडचण इथे आपोआप दूर झाली होती. मों ब्लांवर चढणारा माणूस आजारी पडला, तर दोष कशाला द्यायचा? दोन दिवसांच्या चढाईला, थंडीला, उपासाला, अपुऱ्या झोपेला की विरळ हवेला? कमी दाबात प्राणवायू कमी पडतो हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथात प्रयोगांनिशी मांडले होते. तरीही दमणुकीवर बोट ठेवणारे लोक होतेच. खाणीवर येणारा माणूस गाडीच्या बाकावर बसून आलेला असे, पोटभर जेवलेला असे. त्याच्या बाबतीत बदललेली मोठी गोष्ट एकच, उंची. हा फायदा रेव्हनहिल यांनी ओळखला होता आणि निबंधात तसे लिहूनही ठेवले.

तिथले लोक या आजाराला ‘पुना’ म्हणत. रेव्हनहिल यांनी त्याचे तीन प्रकार केले: साधा, हृदयाचा आणि मज्जासंस्थेचा. साध्या प्रकाराचे त्यांचे वर्णन आज लेहच्या एखाद्या डॉक्टरने वाचले, तर त्याला त्यात फारसे काही बदलावे लागणार नाही. माणूस उतरतो तेव्हा बरा असतो आणि तसे सांगतोही. संध्याकाळकडे अंग ढिले पडते, काही करू नये असे वाटते. रात्र तळमळत जाते. सकाळी कपाळ ठणकत असते, अन्न नकोसे होते, कधी उलटी होते. दुसरा दिवस वाईट जातो, चौथ्या दिवसापर्यंत बहुतेकांना बराच उतार पडतो. यातले सगळ्यात मोलाचे निरीक्षण म्हणजे त्रास उतरल्या उतरल्या होत नाही, काही तासांनी होतो. विमानाने लेहला उतरून ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणत त्याच दुपारी भटकायला निघणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला आजही नेमके हेच सांगावे लागते.

दुसऱ्या प्रकारातली एक रुग्णनोंद मात्र थांबून, ओळ न ओळ वाचण्यासारखी आहे.

नव्याने आलेला एक माणूस. आला तेव्हा प्रकृती ठणठणीत दिसत होती, तोही तसेच म्हणत होता. तरी डॉक्टरांनी त्याला बजावले: स्वस्थ पड, थोडे खा, लवकर झोप. त्याला नीट झोप लागली नाही. सकाळी साध्या पुनाची लक्षणे दिसू लागली. दिवस चढला तसा तो बिघडत गेला. दुपारी नाडी मिनिटाला १४४, श्वास ४०. संध्याकाळनंतर अंग निळे पडले, तो हवेसाठी धडपडू लागला, एरवी श्वासासाठी न लागणारे स्नायूही त्याला कामाला लावावे लागत होते. हृदयाचे ठोके अगदी क्षीण, नाडी अनियमित. खोकलाही जड जात होता, मधूनच उलट्या होत होत्या. रात्र अशीच गेली. डॉक्टरांनी प्राणवायू हुंगवला, स्ट्रिक्नीन आणि डिजिटॅलिस दिले. पहाटेकडे किंचित बरे वाटले. सुदैवाने खाणीवरून खाली जाणारी गाडी होती, तिने त्याला लगेच पाठवले. १२,००० फुटांवर तो बराच सुधारला आणि ७,००० फुटांवर जवळजवळ बरा झाला. आणखी एक दिवस वर राहिला असता तर मेला असता, असे डॉक्टरांना वाटले.

या नोंदीत पुराव्याचे दोन थर आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. वरच्या मजकुराला, म्हणजे नाडी, श्वास, अंगाचा रंग, हृदयाचे ठोके यांना, साक्षीदार स्वतः डॉक्टर आहेत. आकडे मोजलेले आहेत, वेळा दिलेल्या आहेत. खाली उतरतानाची सुधारणा मात्र त्यांनी पाहिलेली नाही. आपल्या कानावर आले, असे ते सरळ लिहितात. रुग्णाबरोबर ते गाडीने गेले नाहीत, आणि जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे मांडलेही नाही. एवढ्या एका प्रामाणिक वाक्यामुळे बाकीच्या निबंधावरचा माझा विश्वास वाढतो.

आता औषधांकडे पाहू. डिजिटॅलिस हे हृदयाचे औषध, स्ट्रिक्नीन त्या काळी उत्तेजक म्हणून दिले जाई. रुग्णाचे हृदय बंद पडत चालले आहे अशी डॉक्टरांची समजूत होती हे या दोन औषधांवरून दिसते, आणि प्रकाराला त्यांनी दिलेल्या नावातही तेच आहे. त्या काळच्या ज्ञानात हा निष्कर्ष स्वाभाविक होता. अंग निळे पडणे, धाप, फुप्फुसात पाणी ही सगळी लक्षणे हृदय थकलेल्या रुग्णात रोज दिसत. हृदय शाबूत असताना फुप्फुसे पाण्याने भरू शकतात, आणि या रुग्णाला बहुधा तेच झाले होते, असे मानायला तेव्हा आधार नव्हता.

तसे पाहिले तर एक धागा आधीच हाती आला होता. २ सप्टेंबर १८९१ रोजी मों ब्लांवरच्या व्हालो यांच्या आश्रयघरात डॉ. जाकोते हा तरुण डॉक्टर मरण पावला. शिखरावर वेधशाळेसाठी पाहणी करणाऱ्या तुकडीबरोबर तो गेला होता. त्रास सुरू झाल्यावर त्याला खाली उतरता आले असते, पण विरळ हवेचा शरीरावर होणारा परिणाम स्वतःवरच पाहावा म्हणून तो वर थांबला. शवविच्छेदनात दोन्ही फुप्फुसे पाण्याने भरलेली आढळली. इटलीच्या आंजेलो मोस्सो यांनी ही हकीकत आपल्या ग्रंथात नोंदवली, पण ती न्यूमोनियाच्या खाती जमा झाली. पुढची कित्येक वर्षे उंचीवरचे असे मृत्यू याच नावाखाली लिहिले गेले. तिशीच्या आतबाहेरची धट्टीकट्टी माणसे ऐन उन्हाळ्यात चोवीस तासांत ‘न्यूमोनिया’ने दगावतात, याचे आश्चर्य फार थोड्यांना वाटले.

रेव्हनहिल यांच्या निबंधानंतर वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले. ते आघाडीवर डॉक्टर म्हणून गेले आणि युद्धानंतर त्यांनी वैद्यक सोडले. पुढे ते पुरातत्त्वाकडे वळले, रोलराइट इथल्या प्राचीन शिळावर्तुळावर त्यांनी पुस्तिका लिहिली, चित्रकलाही केली. उंचीच्या आजाराविषयीचा त्यांचा महत्त्वाचा लेख म्हणजे हीच आठ पाने. स्वतःच्या निबंधाचा पाठपुरावा करायला लेखक उरला नाही आणि नियतकालिकही आडवाटेचे, त्यामुळे तो विस्मरणात गेला यात नवल नाही.

गाठ सुटली ती १९६० नंतर. के-टूच्या दोन मोहिमांत भाग घेतलेले डॉ. चार्ल्स ह्यूस्टन तेव्हा कोलोरॅडोत आस्पेन गावी होते. डोंगरात स्कीइंग करताना धाप लागून कोसळलेल्या एका निरोगी तरुणाची हकीकत त्यांनी १९६० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. हा न्यूमोनिया नव्हे, उंचीने फुप्फुसात झालेले पाणी आहे, असे त्यांनी मांडले. दोष हृदयाचा असावा ही शंका तरीही उरतच होती. तिचे उत्तर मिळाले ते रुग्णाच्या हृदयापर्यंत बारीक नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजल्यावर. १९६२ मध्ये हर्बर्ट फ्रेड आणि सहकाऱ्यांनी, तर १९६४ मध्ये हर्बर्ट हल्टग्रेन यांनी पेरूमध्ये तो मोजला. हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब सर्वसाधारण निघाला, फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला मात्र कितीतरी वाढलेला होता. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. त्या सगळीकडे सारख्या आक्रसत नाहीत, म्हणून जिथे वाट मोकळी राहते तिथे रक्त जोराने घुसते, केशवाहिन्यांच्या भिंती तो दाब सोसू शकत नाहीत आणि पाणी झिरपते. हृदय आपले काम करीतच असते.

याच वर्षांत पुराव्याचा सगळ्यात मोठा साठा जमला तो भारतात, आणि त्यामागे १९६२ चे चीनयुद्ध होते. मैदानी छावण्यांतले जवान विमानाने एकदम लडाखच्या उंचीवर पोहोचवले जाऊ लागले. चिलीतल्या आगगाडीने जे थोड्या लोकांच्या बाबतीत केले होते, ते इथे हजारोंच्या बाबतीत घडले, तेही दोन दिवसांऐवजी काही तासांत. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १९६५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फुप्फुसात पाणी झालेल्या ३३२ रुग्णांचा अहवाल दिला. त्याच वर्षी एन. डी. मेनन यांनी आणखी १०१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. १९६९ मध्ये इंदर सिंग यांचा दुसरा मोठा निबंध आला: ११,००० ते १८,००० फुटांवर आजारी पडलेले १,९२५ जवान. जगात कुठेही एवढी संख्या तोवर कोणी तपासलेली नव्हती. उंचीच्या आजारावरच्या ग्रंथांत हे निबंध आजही आधाराला घेतले जातात. आपल्याकडे मात्र १९६२ च्या रणनीतीवर जितके लिहिले गेले, त्याच्या शतांशानेही या डॉक्टरांवर लिहिले गेलेले नाही, याची मला खंत वाटते.

या भारतीय निबंधांतला एक उपाय काळाच्या कसोटीवर टिकला नाही. शरीरात पाणी साठते म्हणून लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड द्यावे, असे त्यात सुचवले होते. पण उंचीवरचा रुग्ण बहुधा आधीच कोरडा पडलेला असतो, त्याच्या रक्तातले पाणी आणखी कमी केले की रक्तदाब ढासळण्याचे भय असते. म्हणून या आजारात ते औषध आता सरसकट दिले जात नाही. आज लागलाच तर निफेडिपिनचा वापर होतो, कारण ते फुप्फुसातल्या धमनीचा दाब उतरवते. रुग्णाला खाली नेणे शक्य नसेल तिथे हवा भरून दाब वाढवायची पिशवी असते. त्यात झोपवलेल्या माणसाला जागच्या जागी काही हजार फूट खाली उतरल्यासारखा दाब मिळतो. पण ती पिशवी वेळ मिळवून देण्यासाठी आहे.

रेव्हनहिल यांनी त्या रात्री केलेल्या उपायांपैकी स्ट्रिक्नीन गेले, डिजिटॅलिस गेले. प्राणवायू राहिला आणि खाली पाठवणे राहिले. फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णाला निदान १,००० मीटर तरी खाली उतरवा, असे आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रेव्हनहिल यांचा रुग्ण १५,४०० फुटांच्या खाणीवरचा धरला, तर जिथे तो बराच सुधारल्याचे त्यांच्या कानावर आले ती १२,००० फुटांची जागा ३,४०० फूट, म्हणजे हजार मीटरहून थोडी अधिकच, खाली होती.