शपथ आणि सोबत

कळंबोली हें नांव उच्चारलें कीं मालमोटारींच्या रांगा आणि लोखंडाच्या वखारी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. मुंबईंतील पोलादाचा अवजड व्यापार बेटाबाहेर न्यावा या हेतूनें सिडकोनें येथें बाजार वसविला. पुढें मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाचें मुखही येथेंच उघडलें. त्या व्यापाराचें मुंबईंतील एक जुनें ठाणें दारूखाना या नांवानें ओळखलें जातें. तेथील दारू ही तोफेची, पेल्यांतील नव्हे. परंतु कळंबोली ज्या पनवेल तालुक्यांत मोडते, त्याचा पूर्वेतिहास मात्र पेल्यांतील दारूशींच जडलेला आहे. आणि व्यसनांत बुडालेला माणूस वर काढण्यासाठीं ख्रिस्ती मंडळ्यांनीं या प्रांतांत काय केलें हें पाहूं गेल्यास आरंभ तेथूनच करणें बरें.

एकोणिसाव्या शतकांत उरण हा पनवेल तालुक्याचाच पेटा होता. हा सारा मुलूख १८८३ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता, नंतर तो कुलाब्यांत गेला. उरणच्या भट्ट्यांतून मोहाच्या फुलांची दारू निघे आणि मुंबईच्या दुकानांत जाई. १८७८ च्या अबकारी कायद्यानें सरकारनें हा धंदा मुठींत घेतला. ताडीच्या झाडांवर कर बसला. घरची ताडी महाग झाली. १८९२ मध्यें तर ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांविषयीं निराळा कायदा करण्यांत आला, आणि वेंचलेलीं फुलें घरांत बाळगण्यावरही निर्बंध आले. कायद्याचा रोख पिण्यावर नव्हता, बिनकराच्या पिण्यावर होता.

राज्यकर्ते ख्रिस्ती आणि दारूचें उत्पन्न राज्यकर्त्यांचें, यामुळें मिशनऱ्यांची स्थिति मोठी अवघड झाली. दारूबंदीची भाषा करणाऱ्या पाद्र्याला कोणीही विचारावें कीं, महाराज, दुकान कोणाचें? हा प्रश्न पुण्यांत उघडपणें विचारला गेला तो स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुल्यांकडून. १८८० मध्यें नगरपालिकेचे सभासद असतांना त्यांनीं शहरांतील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. १८८८ मध्यें विल्यम केन या बॅप्टिस्ट पंथाच्या पार्लमेंट-सभासदानें विलायतेंत हिंदुस्थानासाठीं मद्यपाननिषेधक मंडळ काढलें व सरकारच्या अबकारी धोरणावर टीकेची झोड उठविली. ख्रिस्ती मंडळींचा मद्यपाननिषेध हा असा प्रथम आपल्याच सरकाराशीं भांडणारा निषेध होता, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनींही विसरूं नये.

परंतु प्रत्यक्ष पिणाऱ्या माणसासाठीं काय उपाय होता? उपाय एकच, तो शपथेचा. १९ सप्टेंबर १८८२ रोजीं मुक्तिफौजेची चार माणसें मुंबईस उतरलीं. त्यांचा पुढारी फ्रेडरिक टकर हा सिव्हिल सर्व्हिसमधील नोकरीचा राजीनामा देऊन आलेला. त्यानें देशी वेष घेतला आणि फकीरसिंग असें नांवही धारण केलें. या फौजेंत शिपाई म्हणून दाखल होणाऱ्यास मद्य कायमचें वर्ज्य असल्याच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागे. इतर मंडळ्यांतही प्रतिज्ञापत्रें फिरत. उपदेश व्हावा, गीत व्हावें, डोळ्यांत पाणी यावें, आणि त्या भरांत सही व्हावी, अशी ती रीत. पुष्कळांनीं ती पाळली व त्यांचे संसार सावरले, हें खरें. पण ज्याच्या रक्तांत व्यसन मुरलें होतें त्याची प्रतिज्ञा चार दिवसांत मोडे. मोडल्यावर तो पूर्वीपेक्षां अधिक पिई. कारण आतां तो दारुडा तर होताच, वर देवासमोर खोटा पडलेलाही होता. पुन्हां त्या देवळाची पायरी तो कोणत्या तोंडानें चढणार? ज्या दारांतून मदत यावयाची तेंच दार शपथेनें बंद झालें.

हें दार पुन्हां उघडण्याची युक्ति निघाली ती अमेरिकेंतील अ‍ॅक्रन या रबराच्या कारखान्यांच्या गांवीं. १९३५ च्या मे महिन्यांत बिल विल्सन नांवाचा शेअरबाजारांतला एक माणूस तेथें धंद्याच्या कामासाठीं आला होता. दारूपायीं सर्वस्व घालवून त्यानें अवघ्या पांच महिन्यांपूर्वीं ती सोडली होती, आणि त्या कामीं त्याला न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चच्या आश्रयानें चालणाऱ्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळाचें साह्य झालें होतें. अ‍ॅक्रनमध्यें व्यवहार फिसकटला. खिशांत पैसे नाहींत, हॉटेलच्या एका बाजूस मद्यशाळेंतून हंशाचा आवाज येतो आहे, आणि दुसऱ्या बाजूस भिंतीपाशीं गांवांतील चर्चांची यादी व टेलिफोन आहे, अशा जागीं तो उभा राहिला. त्यानें टेलिफोन उचलला. एका अपरिचित पाद्र्यानें त्याला कांहीं नांवें दिलीं. त्या नांवांच्या आधारानें तो डॉ. बॉब स्मिथ या मद्यासक्त शस्त्रवैद्यापर्यंत पोहोंचला. विल्सननें डॉक्टरला उपदेश केला नाहीं. स्वतःची हकीकत सांगितली, आणि ती सांगत असतां आपली तहान शमते असें त्याला आढळलें. डॉक्टरनें शेवटचा पेला घेतला तो दिवस १० जून १९३५. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संस्था आपला जन्मदिवस तोच मानते.

या संस्थेचे बारा टप्पे १९३९ मध्यें ग्रंथरूपानें निघाले. पहिला टप्पा शपथेच्या अगदीं उलट आहे: मद्यापुढें आपलें कांहीं चालत नाहीं, ही कबुली. आयुष्यभराचें वचन कोणी मागत नाहीं; आजचा दिवस निभावला म्हणजे झालें. पापाची कबुली, नुकसानीची भरपाई, दुसऱ्याची सेवा हे विचार ऑक्सफर्ड ग्रुपकडून, म्हणजे ख्रिस्ती परंपरेंतून आले. परंतु ईश्वर कोणता तें ज्याचें त्यानें ठरवावें अशी मोकळीक ठेवल्यामुळें संस्था कोणत्याही पंथाची राहिली नाहीं. ख्रिस्ती मंडळ्यांकडे उरलें तें साधेंसें काम: संध्याकाळीं रिकामें पडलेलें दालन उघडून देणें. हिंदुस्थानांत या बैठकांची सुरुवात १९५७ मध्यें झाली.

मधल्या काळांत मुंबई सरकारनें साऱ्या प्रांतालाच शपथ घालून पाहिली. १९३९ च्या ऑगस्टांत मुंबई शहरांत दारूबंदी आली, आणि १९४९ च्या कायद्यानें ती प्रांतभर पसरली. भट्ट्या विझल्या नाहींत, त्या खाडीकांठच्या झाडींत लपल्या. त्या कायद्यांत ख्रिस्ती उपासनेंतील द्राक्षारसापुरती सवलत होती. रोमन कॅथलिक समाजांत मद्य हें पाप नव्हे. तें वेदीवरही असतें आणि लग्नाच्या मांडवांतही. म्हणूनच तेथें व्यसनी माणसाचा प्रश्न अधिक नाजूक होता. सर्वांच्या हातांत पेला असतां एकाचाच हात कां थरथरतो, हें समजावून कोण सांगणार?

तें सांगितलें एका धर्मगुरूनेंच. मुंबई धर्मप्रांताचे फादर जो परेरा यांनीं आपण स्वतः मद्यपाशांत सांपडलों होतों व वरील बैठकांमुळें सुटलों, हें चारचौघांत कधीं लपविलें नाहीं. १९८१ मध्यें त्यांनीं वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयानें ‘कृपा’ ही संस्था स्थापन केली. नांव मोठें अर्थपूर्ण आहे. मराठी ख्रिस्ती भाषेंत कृपा म्हणजे जें कमावतां येत नाहीं, केवळ मिळतें, तें. शपथ माणसाच्या निर्धारावर उभी असते. निर्धार ज्याचा संपला आहे त्याच्यासाठीं दुसरा शब्द हवा होता.

फादर परेरांनीं आणखी एक धाडस केलें. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे ते शिष्य. गुरु श्रीवैष्णव, शिष्य कॅथलिक. अय्यंगारांच्या पद्धतींत दोर, पट्टे, खुर्च्या, घोंगड्या यांच्या आधारानें दुर्बल देहालाही आसन साधतां येतें. दारूनें खचलेल्या, हात कांपणाऱ्या माणसाला याहून सोयीचें काय असणार? ‘कृपा’च्या केंद्रांत बारा टप्प्यांच्या जोडीला हीं आसनें आलीं, आणि सांभाळणारे पुष्कळसे पूर्वीं तेथेंच बरे झालेले. संस्थेचें काम वांद्र्याहून वसईस व पुढें नागालँड-मणिपुरापर्यंत गेलें, एच्. आय्. व्ही. बाधितांनाही तिनें जवळ केलें. २००९ मध्यें फादरांना पद्मश्री मिळाली. मुंबई-पुण्यांत गर्दचा सुळसुळाट झाल्यावर १९८६ मध्यें पुण्यांत डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण उभें केलें. तें कोणत्याही धर्माचें नव्हे, परंतु बऱ्या झालेल्यानें आजाऱ्याजवळ बसावें हें सूत्र तेथेंही आहेच.

राहिला वेदीवरील द्राक्षारस. मद्यपाशांतून सुटलेल्या धर्मगुरूला एक घोटही घातक, आणि द्राक्षारसावांचून तर मिस्सा होत नाहीं. रोमनें या पेंचाची वेळोवेळीं दखल घेतली. २००३ च्या पत्रकानुसार असा धर्मगुरु बिशपांच्या अनुज्ञेनें मुस्तुम, म्हणजे आंबण्याची क्रिया सुरू होतांच थांबविलेला द्राक्षरस, वापरूं शकतो. दोन हजार वर्षांच्या विधीनें एका आजाऱ्यासाठीं इतकी वाट करून दिली, हें लहान नव्हे.

पनवेलच्या बाजूस १९९९ मध्यें पास्टर के. एम्. फिलिप यांनीं सील हा आश्रम सुरू केला. तें व्यसनमुक्तिकेंद्र नव्हे. रस्त्यांवर व स्थानकांवर बेवारस पडलेल्यांना उचलून आणावें, सावरावें आणि शक्य तर त्यांच्या घरीं पोहोंचवावें, हें त्याचें काम. परंतु तेथेंही आधीं कोणतीच प्रतिज्ञा मागितली जात नाहीं, एवढें साम्य आहे. कळंबोलीच्या वखारींत माल उतरवून रात्रींतून पुढें जाणाऱ्या चालकाचा प्रश्न याहून निराळा: त्याला गांव नाहीं, तर मंडळी कोठली? त्याला उपयोगी पडते ती बैठकांची एकसारखी रीत. आज येथें, उद्यां सोलापुरास, परवां आणखी कोठें; जेथें बैठक असेल तेथें तो शिरूं शकतो. आडनांव कोणी विचारीत नाहीं. दालन चर्चचें असो कीं शाळेचें, बैठक बाहेरची देणगी घेत नाहीं. जागेचें भाडें, थोडें कां होईना, ती आपलें आपण भरते. त्यासाठीं शेवटीं एक पिशवी फिरते. ज्याला जमेल तो नाणें टाकतो, आणि ज्याच्याजवळ कांहीं नसतें तो ती तशीच शेजाऱ्याकडे सरकवतो.