वापरलेल्या सेडान मोटारीची पारख

वापरलेल्या सेडान मोटारीची पारख म्हणजे आधी एक वा अधिक मालकांकडे चाललेली कौटुंबिक मोटार मागितलेल्या किमतीला घेण्याजोगी आहे की नाही, हे तिची कागदपत्रे, बांधणी, यंत्रभाग आणि पुढे येणारा खर्च यांवरून ठरवण्याची प्रक्रिया होय. बॉनेट, प्रवासी कक्ष आणि वेगळी डिकी असे तीन भाग असलेल्या मोटारीला सेडान म्हणतात. ब्रिटिश इंग्रजीतील 'सलून' हा शब्द भारतात केशकर्तनालयापुरताच रूढ झाल्याने मोटारीसाठी फारसा वापरला जात नाही.

भारतातील जुन्या मोटारींच्या व्यवहारात निर्मितीचे वर्ष आणि मीटरवरील किलोमीटर या दोन आकड्यांना सर्वाधिक महत्त्व दिले जाते. हे दोन्ही आकडे गाडीची अवस्था केवळ अप्रत्यक्षपणे सुचवतात आणि त्यांपैकी दुसरा बदलताही येतो. टायर, क्लच प्लेट, बॅटरी यांसारखे झिजणारे भाग नवे बसवता येतात. परंतु अपघातात वाकलेला सांगाडा, पुरात भिजलेली विद्युत यंत्रणा आणि सदोष मालकी यांवर वाजवी खर्चात उपाय नसतो.

== पार्श्वभूमी ==
भारतीय बाजारात जुन्या सेडान गाड्यांचे दोन ठळक गट आढळतात. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. त्यानंतर आखूड डिकीच्या सेडान बाजारात आल्या. टाटा इंडिगो सीएस २००८ मध्ये आली, तर मारुती सुझुकीने २०१२ मध्ये आपल्या स्विफ्ट डिझायरची लांबी ३,९९५ मिलिमीटरवर आणली. दुसरा गट होंडा सिटीसारख्या चार मीटरहून लांब गाड्यांचा आहे. पहिल्या गटातील अनेक गाड्या टॅक्सी म्हणून वापरल्या जातात. त्यांपैकी काही पुढे खासगी नोंदणीत बदलून पांढऱ्या पाटीवर विकल्या जातात, म्हणून वाहनाचा पूर्वीचा वर्ग नोंदणीच्या तपशिलात पाहणे आवश्यक असते.

== कागदपत्रे ==
मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. चौदा वर्षे जुन्या गाडीच्या किमतीत हा खर्च धरलेला नसतो.

नोंदणी प्रमाणपत्रावरील, म्हणजेच बोलीभाषेतील आरसी बुकावरील, चॅसी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी जुळवून पाहतात. क्रमांकाभोवती घासल्याच्या वा वेल्डिंगच्या खुणा असल्यास व्यवहार पुढे नेऊ नये. गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेच्या बोज्याची नोंद प्रमाणपत्रावर असते. कर्ज फिटले तरी ही नोंद आपोआप निघत नाही. तिच्यासाठी वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ लागतो. वाहतूक पोलिसांचे थकीत ई-चलन तपासणेही उपयुक्त ठरते.

मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरतात. परराज्यातील गाडीसाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते आणि महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करताना येथील मोटार वाहन करही भरावा लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध घातल्यानंतर तेथील गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. कर आणि हस्तांतरणाचा खर्च मिळवल्यावर हा स्वस्तपणा बराचसा ओसरतो.

केवळ पैसे व चावी यांची देवघेव झाल्याने व्यवहार पूर्ण होत नाही. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर राहते. त्यामुळे प्रादेशिक परिवहन कार्यालयातील नोंद बदलून घेणे विक्रेत्याच्याही हिताचे असते. विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. विनादावा सवलत जुन्या मालकाची असते व गाडीबरोबर येत नाही. साहजिकच खरेदीदाराचा हप्ता विक्रेत्याने सांगितल्यापेक्षा जास्त निघतो.

== सांगाडा व पत्रा ==
पाहणी दिवसाउजेडी आणि कोरड्या गाडीवर करावी. ओल्या पत्र्यावर रंगातील फरक लपतो. दरवाजे, बॉनेट व डिकी यांच्या कडांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. पुढील मडगार्डांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असल्यास ती काढून बसवलेली असतात. मात्र वाहतुकीत घासलेले मडगार्ड पुन्हा रंगवलेले असणे हा दोष मानण्याचे कारण नाही. शहरात चाललेल्या गाडीला एकही ओरखडा नसणे अधिक शंकास्पद ठरावे. खरी तपासणी रेडिएटर धरणारी चौकट, चाकांवरील आतला पत्रा, दरवाज्यांमधील खांब आणि डिकीचा तळ यांची असते. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे ठिपके समान अंतरावर असतात. हाताने केलेले वेल्डिंग ओबडधोबड दिसते. पत्र्यावर लांबी भरलेली असल्यास तेथे चुंबक नीट चिकटत नाही.

इग्निशन चालू करताच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर उघडलेली एअरबॅग न बदलता दिवाच बंद केल्याची शक्यता असते. भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून अनिवार्य झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांच्या मूळ श्रेणीत ती नव्हतीच, म्हणून कुटुंबासाठी गाडी घेताना केवळ मॉडेलचे नाव न पाहता श्रेणीही पाहावी लागते.

कोकणासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात वापरलेल्या गाडीचा तळ जॅकवर उचलून पाहणे योग्य. वरचा गंज दिसतो. खालचा आतून पत्रा खातो.

== पुराचे पाणी ==
२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा आपत्तींनंतर विमा कंपन्यांनी पूर्ण हानी ठरवलेल्या गाड्या भंगार म्हणून विकल्या जातात आणि त्यांतील काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. सीटखालच्या रुळांवरील गंज, गालिच्याखालील वा स्टेपनीच्या खाचेतील गाळ, हिरवट पडलेली वायरींची टोके ही त्यांची लक्षणे होत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यास शेवटच्या भागावर पाण्याची रेषा दिसू शकते. कुबट वास अत्तराने झाकला जातो, म्हणून गाडी काही काळ बंद ठेवून मग दार उघडावे. या गाड्यांतील विद्युत बिघाड विकत घेतल्यावर महिन्यांनीही उद्भवतात.

== इंजिन व चालवून पाहणे ==
इंजिन थंड असतानाच सुरू करणे महत्त्वाचे आहे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास पुन्हा भेट घ्यावी. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, काळा धूर जादा इंधनाचे, तर गरम झाल्यावरही टिकणारा दाट पांढरा धूर कूलंट आत शिरत असल्याचे सूचित करतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसल्यास हीच शंका येते. मात्र पावसाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत थोडा थर साध्या बाष्पानेही जमतो.

चढावर वरच्या गिअरमध्ये वेग वाढवताना इंजिनाचा आवाज चढून गाडी मागेच राहत असेल तर क्लच संपत आलेला असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर येणारा खडखडाट सस्पेन्शनचा, तर ब्रेक दाबल्यावर एका बाजूस ओढणे ब्रेक वा टायरचा दोष दर्शवते.

मीटरचा पडताळा सर्व्हिसच्या नोंदींशी घ्यावा. पेडलचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि खचलेली चालकाची सीट तीस हजार किलोमीटरच्या दाव्याशी जुळत नाहीत. टायरवरील चार अंकी संकेत आठवडा व वर्ष सांगतो: '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. त्यावरून टायर मूळ आहेत की बदललेले, हे कळते.

== किंमत ==
गाडीची खरी किंमत म्हणजे मागितलेली रक्कम अधिक पहिल्या वर्षातील अपरिहार्य खर्च. समजा, एकाच मॉडेलची एक गाडी ४ लाखांना व दुसरी ४ लाख ४० हजारांना आहे. पहिलीला टायर, क्लच, सस्पेन्शन व विमा यांवर ७० हजार लागणार असतील आणि दुसरीचा केवळ विमा उतरवायचा असेल, तर विम्याला १५ हजार धरल्यास पहिली ४ लाख ७० हजारांना आणि दुसरी ४ लाख ५५ हजारांना पडते. त्यातही दुसरीच्या सर्व्हिस नोंदी पूर्ण असल्यास ती घेणे शहाणपणाचे. डिझेल गाडीचा इंधनातील फायदा वर्षाला थोडेच अंतर कापणाऱ्या कुटुंबाला मिळत नाही, तर इंजेक्टर वा टर्बोच्या दुरुस्तीचा खर्च मात्र त्यालाही चुकत नाही.

अपरिचित मेकॅनिकपेक्षा त्याच कंपनीच्या गाड्या नियमित हाताळणाऱ्या गॅरेजकडून तपासणी करून घेणे उपयुक्त असते. अशा तपासणीला विक्रेत्याने नकार दिल्यास बहुसंख्य जाणकार तोच निकाल मानतात.